सोलापूरच्या उन्हात मर्लोची पारख: बाटली घरी आल्यापासून दुसऱ्या दिवसापर्यंत

फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या पोमेरोल किंवा सेंत एमिलियोंमधल्या एखाद्या लहान बागेची मर्लो, म्हणजे त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाची रेड वाइन, सोलापुरात येते ती बहुधा कुणाच्या तरी बॅगेतून. परदेशाहून येताना भाचा आणतो, जावई आणतो. मग ती बाटली लग्नाच्या वाढदिवसाला, रात्री साडेनऊ वाजता, मटणाच्या ताटासोबत, ३४ अंशांच्या खोलीत उघडली जाते. पहिल्याच घोटाला घसा जळतो आणि कुणीतरी विचारतं, "एवढे पैसे कशाला घातले?"

बहुतेक वेळा बाटलीचा त्यात काही दोष नसतो. मर्लो मुळातच मऊ, भरदार आणि गोलसर. तिच्यात कॅबर्ने सोव्हिन्यों या दुसऱ्या काळ्या द्राक्षाच्या वाइनसारखा तुरटपणाचा ताठ कणा नसतो. गरम झाली की तिचा मऊपणा सैल पडतो, फळ शिजल्यासारखं लागतं आणि १४ टक्क्यांच्या आसपासचं अल्कोहोल एकटंच पुढे येतं. मी स्वतः पहिली चांगली मर्लो एप्रिलमध्ये अशीच वाया घालवली. पाहुण्यांसमोर तिला "जड आहे" म्हणालो. दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून काढलेल्या उरलेल्या अर्ध्या ग्लासात जे सापडलं, त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्यावर परिणाम करतो.

## टप्पा १: बाटली घरी आली की तिला झोपवा

पारख प्रवासापासून सुरू होते. मुंबई विमानतळ ते सोलापूर हा रस्ता मे महिन्यात बाटलीला मारू शकतो. गाडी भिगवणला मासे खायला थांबते, डिकी उन्हात तापते, आणि दीड तासात आतलं तापमान बाहेरच्या ४० अंशांच्याही पुढे जातं. वाइन फुगते, बुचाला वर ढकलते आणि कडेने झिरपते. त्यामुळे बाटली डिकीत ठेवू नका. पायाशी, एसीच्या झोतात, टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा. रेल्वेने आणत असाल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस उत्तम.

घरी आल्यावर निदान दोन आठवडे ती हलवू नका. जुनी, म्हणजे १५ वर्षांपुढची असेल तर महिनाभर. आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं. अंधार हवा आणि तापमान स्थिर हवं. आदर्श तापमान १२ ते १४ अंश. सोलापुरात वाइनचं वेगळं कपाट फार थोड्या घरांत असतं, म्हणून महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न असेल तर फ्रीजचा भाजीचा कप्पा वापरा. तो गरजेपेक्षा थंड असतो, पण माळ्यावरच्या ३८ अंशांपेक्षा हजारपटीने बरा. स्वयंपाकघरातलं कपाट, गॅसशेजारची मांडणी आणि शोकेस या तिन्ही जागा बाद.

सावधान: वर्षभर जपून ठेवायचा विचार असेल आणि थंड जागा नसेल, तर ठेवू नका. हिवाळ्यात उघडा. सोलापूरच्या एका उन्हाळ्यात साध्या कपाटातल्या बाटलीचं जे नुकसान होतं, ते कशानेच भरून येत नाही.

## टप्पा २: उघडण्याआधी बाटली वाचा

लेबलवरच्या मोठ्या नावापेक्षा बारीक ओळी जास्त सांगतात.

"मिज आं बुतेय ओ शातो" असं लिहिलेलं असेल तर वाइन त्याच बागेत बाटलीबंद झाली आहे ("शातो" म्हणजे बोर्दोत वाइनची बाग). लहान बागेच्या वाइनसाठी ही ओळ महत्त्वाची. "ग्रां व्हँ" म्हणजे "थोर वाइन" या शब्दांवर भाळू नका, त्यांनी दर्जाची हमी मिळत नाही. "सेंत एमिलियों ग्रां क्रू" हे भौगोलिक नाव आहे, तर "ग्रां क्रू क्लासे" ही क्रमवारीतली जागा. ही क्रमवारी साधारण दर दहा वर्षांनी तपासली जाते, अलीकडची २०२२ ची. दोन्हींतला एकच शब्द वेगळा, म्हणून लोक हमखास फसतात. पोमेरोलमध्ये तर अधिकृत क्रमवारीच नाही. पेत्रुससारखी जगभर नावाजलेली, जेमतेम साडेअकरा हेक्टरांची बाग पोमेरोलमधली, पण तिच्या लेबलवर कुठली श्रेणी सापडणार नाही. "शातो" हा शब्दसुद्धा नाही.

मग बाटली उजेडासमोर धरा. दहा वर्षांच्या आतल्या बाटलीत वाइनची पातळी मानेत हवी. ती खांद्यापर्यंत उतरली असेल तर बुचातून हवा आत गेली आहे. आवरणाखाली बूच वर आलंय का, कडेला चिकट ओघळ आहे का, हे बोट फिरवून पाहा.

तपासणी: पातळी, बूच, ओघळ. यातल्या दोन गोष्टी बिघडलेल्या असतील तर पाहुणे बोलावू नका. बाटली घरच्या घरी उघडा आणि अपेक्षा कमी ठेवा.

## टप्पा ३: वेळ, जागा, ग्लास

सर्वात चांगली वेळ सकाळी साडेदहा-अकराची, जेवणाआधी. हे ऐकून लोक चमकतात, पण जीभ तेव्हा ताजी असते आणि उजेड खरा असतो. ते जमत नसेल तर संध्याकाळ चालेल, मात्र दिवेलागणीची वेळ टाळा. देवघरातली उदबत्ती, शेजारची फोडणी आणि गजरा एकाच वेळी नाकात शिरतात.

सोलापुरात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: कूलर. त्याच्या ओल्या वुडवूलचा किंवा वाळ्याचा वास खोलीभर असतो आणि तो बुचामुळे बिघडलेल्या वाइनच्या वासाच्या इतका जवळ जातो की चांगली बाटली नासकी वाटते. माझ्या ओळखीत एका चांगल्या बाटलीवर असाच शिक्का बसला होता. दुसऱ्या खोलीत नेल्यावर तो वास नाहीसा झाला. चाखण्याआधी तासभर कूलर बंद ठेवा आणि पंखा मंद करा.

ग्लास पातळ काचेचा, दांड्याचा, वर निमुळता होणारा हवा. त्या निमुळत्या तोंडाशी वास साठतो. चाखण्याचा प्रमाणित ग्लास २१५ मिलिलिटरचा असतो, त्याहून मोठा चालतो. स्टीलचा पेला आणि सरबताचा उभा ग्लास नकोच. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून ग्लास टाकीतल्या साठवलेल्या पाण्यात धुतले जातात आणि काचेला तो वास धरतो. शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या, ग्लास उलटे न ठेवता वाळवा आणि ओतण्याआधी रिकामा ग्लास हुंगा. वास आला तर चमचाभर वाइन फिरवून ती टाकून द्या.

रंग पाहायला पांढरा कागद हवा. सोलापुरी पांढरा टॉवेल हात पुसायला ठेवा, पण सुगंधी पावडरीत धुतलेला नको.

सावधान: चाखण्याआधी दोन तास पान, तंबाखू, मसाल्याचा चहा आणि टूथपेस्ट नको. अत्तरही नको. पाहुण्यांना हे आदल्या दिवशी सांगा. आल्यावर सांगितलं तर त्यांना राग येतो आणि उपयोगही होत नाही.

## टप्पा ४: तापमान, म्हणजे अर्धी पारख

"रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी" हे वाक्य युरोपातल्या थंड, दगडी घरांतून आलं. तिथली खोली म्हणजे १६ ते १८ अंश. आपली खोली मार्चपासून जूनपर्यंत ३० अंशांच्या पुढे असते, एसी लावला तरी २४. मर्लोला हवेत १६ ते १८ अंश. हे दोन आकडे पाठ करा.

पद्धत अशी:

बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी घ्या. नुसता बर्फ नको, कारण बाटलीला तो नीट चिकटत नाही. पाण्यामुळे सगळीकडून सारखी थंडी लागते. बाटली मानेपर्यंत बुडवा आणि १५ मिनिटांनी थोडी ओतून तापमान मोजा. स्वयंपाकाचा सुईचा डिजिटल थर्मामीटर पुरेसा आहे. फ्रीजमध्ये हेच काम व्हायला साधारण दोन तास लागतात. उलट बाटली फ्रीजमध्येच मुक्कामाला असेल तर चाखण्याआधी बाहेर काढा आणि मोजत राहा. थंडीत अर्धा-पाऊण तास लागेल, उन्हाळ्यात त्याहून कमी.

१५ अंशांपासून सुरुवात करा, १८ वर नाही. ग्लासात ओतलेली वाइन सोलापूरच्या खोलीत भराभर चढते. १५ ला ओतली की पहिल्या दहा मिनिटांत तिला १६, १७, १८ असं वर जाताना पाहता येतं, आणि तो प्रवास पाहणं हाच पारखीचा मोठा भाग. थंड असताना तुरटपणा जास्त जाणवतो आणि वास मिटलेला असतो. चढत गेली की फळ उघडतं. २० च्या पुढे अल्कोहोल डोकं वर काढतं. त्या क्षणी शेरा लिहायचा नाही, ग्लास बाजूला ठेवायचा.

एका वेळी ५० मिलिलिटरपेक्षा जास्त ओतू नका. ग्लास दांड्याने धरा. बाटलीभोवती ओलं फडकं गुंडाळलं तर कोरड्या हवेत माठासारखा गारवा टिकतो. पण माठ कितीही चांगला असला तरी १६ अंशांपर्यंत जात नाही, म्हणून हा उपाय टिकवण्यासाठी आहे, थंड करण्यासाठी नाही.

तपासणी: घोट घेतल्यावर गालात आणि घशात चटका बसला तर आधी थर्मामीटर घाला. "वाइन कडक आहे" हा निष्कर्ष त्यानंतर.

## टप्पा ५: बूच आणि हवा

जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, गाळ तळाला बसतो. आवरण मानेच्या फुगवट्याखाली कापा, ओल्या कपड्याने तोंड पुसा आणि स्क्रू मधोमध सरळ घाला. १५ वर्षांपुढचं बूच स्क्रूने तुटू शकतं, त्यासाठी दोन पात्यांचा ओपनर घ्या. बुचाचा वास घेऊन काही निश्चित कळत नाही. बुचावर काय छापलंय ते मात्र पाहा. वर्ष आणि बागेचं नाव लेबलशी जुळलं पाहिजे. बुचाच्या अंगावर टोकापर्यंत वाइनचा ओघळ दिसला तर कधीतरी बाटली तापली होती.

आता सर्वांत जास्त होणारी चूक: न चाखता डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा देण्याच्या रुंद काचेच्या भांड्यात, ओतणं. आधी एक घोट घ्या. वाइन तरुण, म्हणजे आठ-दहा वर्षांच्या आतली असेल, वास बंद वाटत असेल आणि तुरटपणा खरखरीत असेल, तर तासभर डिकँटरमध्ये ठेवा. जुनी असेल तर फक्त गाळ वेगळा करा: मानेखाली टॉर्च धरून सावकाश ओता, काळी रेघ मानेत आली की थांबा आणि लगेच चाखायला घ्या. जुन्या मर्लोचा नाजूक वास तासाभराच्या हवेत उडून जाऊ शकतो.

डिकँटर गार पाण्याच्या परातीत ठेवा. नाहीतर टप्पा ४ ची सगळी मेहनत तिथेच जाते.

## टप्पा ६: पाहणे

यावर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त घालवू नका. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा करा आणि कडेचा रंग पाहा. जांभळट कड म्हणजे तरुण वाइन, माणकासारखी लाल म्हणजे मधलं वय, विटकरी म्हणजे जुनी. पाच वर्षांच्या वाइनची कड विटकरी दिसली तर ती वेळेआधी म्हातारी झाली आहे, आणि बहुधा उष्णतेने.

काचेवरून उतरणाऱ्या थेंबांच्या रेघा पाहून "भारी आहे" म्हणू नका. त्या अल्कोहोलमुळे पडतात, दर्जाशी त्यांचा संबंध नाही.

## टप्पा ७: नाक

आधी ग्लास न हलवता हुंगा. दोन छोटे श्वास, मग थांबा. यात दोष शोधायचा आहे, कारण दोष पहिल्या श्वासात सर्वात स्पष्ट असतो आणि नाकाला त्याची सवय पटकन होते.

- भिजलेला पुठ्ठा, ओलसर वर्तमानपत्र, आणि फळाचा पत्ता नाही: बूच बिघडलं आहे. हवा दिल्याने हे जात नाही, उलट वाढतं.
- नेलपॉलिश काढण्याचं द्रव किंवा व्हिनेगर: आंबण्याची सुरुवात.
- विझलेली काडी, उकडलेलं अंडं: हवेची कमतरता. ग्लास जोरात फिरवा, बहुतेक वेळा निघून जातं.
- शिजवलेला मोरावळा, जळका गूळ: उष्णतेचा मार. डिकीतल्या त्या प्रवासाची आठवण काढा.

दोष नसेल तर ग्लास टेबलावर ठेवूनच गोल फिरवा आणि पुन्हा हुंगा. आता नावं द्यायची. इथे आपली मंडळी परदेशी शब्दांत अडकतात. ब्लॅककरंट आपण खाल्लेलं नसतं, मग तो शब्द लिहून कुणाला काय कळणार? आपल्या जिभेच्या आठवणीतून काढा: आलुबुखार, पिकलेलं जांभूळ, करवंद, तुती, काळी मनुका. नान्नजकडची काळी शरद सीडलेस द्राक्षं सगळ्यांच्या ओळखीची. मर्लोचा वास त्या ताज्या द्राक्षाजवळ आहे की त्याच्या बेदाण्याजवळ, एवढं जरी ठरलं तरी फळ किती पिकलं होतं ते कळलं.

फळामागे लाकूड येतं: व्हॅनिला, लवंग, भाजलेला कोको, धूर. ओकच्या पिंपाची ती देणगी. चांगल्या मर्लोत ती फळाच्या मागे उभी असते. नुसती व्हॅनिलाच आली तर पिंप महाग होतं, एवढंच सिद्ध होतं. त्यानंतर वयाचे वास येतात: तंबाखूचं सुकं पान, चामडं, पहिल्या पावसानंतरची ओली माती, आळंबी.

मातीवरून एक गोष्ट सांगतो, कारण सोलापूरकराला ती लगेच कळते. पोमेरोलच्या पठारावर पेत्रुसची बाग निळसर, फुगणाऱ्या चिकणमातीवर उभी आहे. आपली काळी जमीनही फुगणारी, भेगाळणारी, पाणी धरून ठेवणारी. त्याच धरलेल्या ओलीवर मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी थंडीत पाण्याशिवाय उभी राहते. मर्लो कॅबर्नेच्या आधी पिकते आणि कोरड्या जमिनीत तिला ताण लवकर बसतो. गार, ओल धरणाऱ्या मातीत तिचं फळ करपत नाही. म्हणून अशा जमिनीवरची मर्लो भरदार असूनही ताजी लागते. ग्लासात शोधायचा आहे तो हाच ताजेपणा.

## टप्पा ८: घोट

चमचा-दोन चमचे तोंडात घ्या, थोडी हवा ओढा, जिभेवरून सगळीकडे फिरवा आणि दहा सेकंद धरा. मग थुंका. त्यासाठी प्रत्येकाला एक तांब्या द्या. आपल्याकडे हे अवघड वाटतं, पण सहा-सात घोट गिळल्यावर पारख होत नाही, गप्पा होतात. घरी जाताना गाडी चालवणाऱ्याने तर गिळूच नये.

चार गोष्टी, याच क्रमाने:

१. आंबटपणा. थुंकल्यावर गालाच्या आत पाणी सुटतं का? चिंच आठवल्यावर सुटतं तसं. सुटलं नाही तर वाइन सपाट.

२. तुरटपणा. हिरड्या आणि जीभ कोरडी पडते ती टॅनिनमुळे. प्रमाण कळावं म्हणून आदल्या दिवशी कडक कोरा चहा पिऊन पाहा. पण मर्लोत मोजायचा तो तुरटपणाचा पोत. कच्च्या सुपारीसारखा खरखरीत असेल तर द्राक्षं अपुरी पिकलेली किंवा वाइन फारच तरुण. चांगल्या मर्लोचा तुरटपणा मऊ कापडासारखा जिभेवर बसतो, पण बसतो नक्की. अजिबात नसेल तर तो गुण समजू नका.

३. वजन. गाईचं दूध आणि म्हशीचं सायीचं दूध यांच्यात तोंडात जो फरक जाणवतो, तो.

४. शेवट. थुंकल्यावर सेकंद मोजा. फळाची चव किती टिकते? घशातली जळजळ मोजू नका, ती अल्कोहोलची. माझा अंदाज असा: पाचच्या आत संपली तर साधी, दहापर्यंत चांगली, आणि पंधराच्या पुढेही नवी चव देत राहिली तर बाग खरोखर वरच्या दर्जाची.

दोन घोटांमध्ये साधं पाणी आणि बिनमिठाच्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा. शेंगा चटणी टेबलावर येऊच देऊ नका. तिखटाने अल्कोहोल दुप्पट भडक वाटतं आणि जीभ अर्धा तास कामातून जाते. चटणी आणि मटण पारखीनंतर, मनसोक्त.

## टप्पा ९: तुलना आणि निर्णय

एकटी बाटली चाखून निर्णय देऊ नका. शेजारी दुसरी मर्लो हवी, आणि त्यासाठी लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या बागा आहेत आणि त्यांची मर्लो मिळते. आपल्याकडे वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात, बोर्दोत सप्टेंबरच्या आसपास. हवामान वेगळं, उन्हाची धग वेगळी. दोन्ही ग्लास शेजारी ठेवले की "मर्लो" म्हणून काय सामाईक आहे आणि बागेचं स्वतःचं काय आहे, हे आपोआप सुटं होतं.

दोन्ही बाटल्यांना कागद गुंडाळा. किंमत आणि नाव माहीत असलं की जीभ खोटं बोलते. मीही यातून सुटलेलो नाही, म्हणून कागद मी स्वतःसाठीही गुंडाळतो. लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. घरातल्या ज्येष्ठांनी "छान आहे" म्हटलं की बाकीचे तेच लिहितात, म्हणून त्यांना शेवटी बोलू द्या.

पाच प्रश्नांची एकेका ओळीत उत्तरं लिहा. फळ, आंबटपणा, तुरटपणा आणि अल्कोहोल यांतलं कुणी एकटं पुढे आलं का? वास किती दाट? दहा मिनिटांत काही नवं दिसलं का? शेवट किती सेकंदांचा? आणि पुढच्या वेळी डोळे मिटून ओळखता येईल असं तिच्यात काही आहे का? गुण द्यायचे असतील तर नंतर द्या. लहान बागेच्या मर्लोसाठी मला तिसरा आणि पाचवा प्रश्न सर्वात महत्त्वाचे वाटतात. गोड, मऊ, गुळगुळीत मर्लो जगात भरपूर बनते. दर दोन मिनिटांनी बदलणारी थोडीच.

सावधान: "अजून ठेवायला हवी होती" असं लिहिण्याआधी पाहा: तुरटपणा, आंबटपणा आणि फळ तिन्ही जोरात आहेत का? फळ आधीच ओसरलं असेल तर ठेवल्याने फक्त सांगाडा उरतो.

## टप्पा १०: दुसऱ्या दिवशी

शे-दीडशे मिलिलिटर मुद्दाम उरवा. लहान बाटलीत काठोकाठ भरा, बूच लावा आणि फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी साधारण त्याच वेळी, पुन्हा १५ अंशांवर आणून, एकट्याने चाखा. काल बंद असलेली आज उघडली असेल तर तिच्यात अजून बरीच वर्षं आहेत. तशीच राहिली असेल तर ती आत्ता ऐन भरात आहे. फळ जाऊन आंबट पाणी उरलं असेल तर त्याच वर्षाची दुसरी बाटली घेऊ नका. कालच्या कागदावर, कालच्या शेऱ्याखाली, तारीख आणि खोलीचं तापमान घालून ही ओळ लिहा.